देवनगरीची ओळख : बँकॉक

थायलंडच्या राजधानीला सारे जग बँकॉक म्हणते. तेथील रहिवासी मात्र तिला 'क्रुंग थेप' म्हणतात. क्रुंग म्हणजे नगर आणि थेप म्हणजे आपला देव. तथापि हे झाले रोजच्या वापरातले सुटसुटीत नाव. या शहराचे संपूर्ण नाव एका दमात म्हणता येऊ नये इतके लांबलचक आहे, आणि थाई उच्चारांचे कवच बाजूला सारले की आतून निघणारे शब्द थेट आपल्या ओळखीचे असतात: महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, पुरी, रम्य, उत्तम, राजनिवेश, महास्थान, विमान, अवतार, स्थित. इंद्राने दिलेली आणि विश्वकर्म्याने उभारलेली नगरी, असा त्याचा एकूण भावार्थ. आपल्याकडून तिकडे जाणारी पुष्कळशी मंडळी बाजार, समुद्रकिनारा आणि पुन्हा बाजार एवढेच करून परततात. त्यांच्या हातून काय निसटते, ते या नावातच सांगितलेले आहे.

अयोध्येचा उल्लेख या नावात उगाच आलेला नाही. सयामची जुनी राजधानी अयुथया ही रामाच्या अयोध्येच्या नावानेच वसली होती. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने ती उद्ध्वस्त केली. सेनापती ताक्सिनने चाओ फ्रया नदीच्या पश्चिम तीरावर थोनबुरी येथे नवी राजधानी वसवली. पुढे १७८२ मध्ये चक्री घराण्याचा पहिला राजा गादीवर आला आणि त्याने राजधानी पूर्व तीरावर हलवली. तेच आजचे बँकॉक. या घराण्यातील राजे 'राम' या नावाने ओळखले जातात; सध्याचे राजे दहावे राम होत.

शहर पाहायला आरंभ करावा तो राजवाड्यापासून. आवारातच वाट फ्रा केओ हे मंदिर आहे. 'वाट' म्हणजे विहार. येथील बुद्धमूर्तीला पाचूची मूर्ती म्हणतात, पण ती प्रत्यक्षात हिरव्या दगडाची आहे. उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा यांसाठी मूर्तीला तीन वेगळे पोशाख असून ऋतू पालटला की राजा स्वतः पोशाख बदलतो. आपल्या देवळांतील उन्हाळ्याची चंदनउटी आणि थंडीतली शाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा उपचार परका वाटणार नाही.

मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये १७८ भित्तिचित्रांतून रामकथा रंगवलेली आहे. हिला तिकडे 'रामकियेन' म्हणतात. मुकुट, राजवाडे, सैनिकांचा वेष सारे थाई आहे. आम्ही ही चित्रे पाहताना सर्वांत अधिक थबकलो ते हनुमंतापाशी. आपला मारुती ब्रह्मचारी. रामकियेनमधला हनुमान मात्र रसिक आहे, आणि सेतू बांधताना अडथळा आणणाऱ्या मत्स्यकन्येच्या तो प्रेमात पडतो! प्रथम मन बिचकते. मग ध्यानात येते की या लोकांनी ही कथा उसनी ठेवली नाही, ती आपलीशी करून टाकली.

राजवाड्यालगत दक्षिणेस वाट फो आहे. तेथील पहुडलेल्या बुद्धाची सोनेरी मूर्ती ४६ मीटर लांब आहे आणि तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगलचिन्हे कोरलेली आहेत. तेथून होडीने नदी ओलांडली की वाट अरुण. आपला सूर्यसारथी अरुण तो हाच. या मंदिराचा उंच शिखरभाग चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेला असून जवळून पाहिल्यास त्यांतून फुले उमललेली दिसतात.

आमच्या मनात घर करून राहिली ती मात्र याहून साधी एक जागा. जुन्या शहरात वाट सुथातसमोर सागवानाचा तांबडा, प्रचंड चौकटीसारखा झोपाळा उभा आहे. त्याला 'साओ चिंगचा' म्हणतात. जवळच १७८४ मध्ये बांधलेले 'देवस्थान' आहे. तेथे शिव, गणेश आणि विष्णू यांची पूजा होते. शंकर वर्षातून एकदा पृथ्वीवर येतो, या श्रद्धेने होणाऱ्या उत्सवात पूर्वी तरुण या झोपाळ्यावर उंच झोके घेत. ते झोके १९३५ मध्ये बंद झाले. लाकूड जीर्ण झाल्यावर २००७ मध्ये नवा झोपाळा उभारला गेला, तो केवळ खूण म्हणून. देवस्थानातील पूजाविधी मात्र अजून होतात.

ते करणारे राजपुरोहित ब्राह्मण हे दक्षिण भारतातून गेलेल्यांचे वंशज मानले जातात. आज ते सर्वार्थाने थाई आहेत. थाई बोलतात, बुद्धालाही वंदन करतात. उत्सवाचे 'त्रियंपवाय' हे नाव 'तिरुवेम्पावै' या तमिळ स्तोत्रावरून आले आहे. पण ते म्हणणाऱ्यांच्या घरातून तमिळ बोली कधीच नाहीशी झाली. मे महिन्यात राजवाड्यासमोरील मैदानात नांगरणीचा राजसमारंभ होतो तो याच पुरोहितांच्या हस्ते. बैलांपुढे भात, मका, मूग, तीळ, गवत, पाणी आणि मद्य ठेवतात आणि ते कशाला तोंड लावतात यावरून सालाचे भविष्य सांगतात. विधी टिकला, भाषा गेली. महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या काढलेल्या आपणा मराठी घरांना ही गोष्ट केवळ कुतूहलाची नाही. गणपतीची आरती मुलांना पाठ असते. तिचा अर्थ त्यांना घरात कोण सांगतो, हा प्रश्न त्या झोपाळ्याखाली आम्हांला पडला आणि तो सोबत घेऊनच आम्ही परतलो.

बँकॉकचे दुसरे दैवत पाणी. पूर्वी येथे रस्ते नव्हते, कालवे होते. त्यांना 'ख्लोंग' म्हणतात. पहिला आधुनिक रस्ता चरुन क्रुंग हा १८६४ मध्ये पुरा झाला, आणि मग एकेक कालवा बुजवून त्यावर रस्ते आले. शहर समुद्रसपाटीपासून सरासरी दीडच मीटर उंच, खाली मऊ चिकणमाती, आणि वरून भूजलाचा अमर्याद उपसा. १९८० च्या सुमारास काही भाग वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत खचत होते. निर्बंधांमुळे तो वेग पुष्कळ मंदावला आहे, थांबलेला नाही. २०११ च्या महापुराने या प्रश्नाची तीव्रता साऱ्यांना दाखवली. २०१७ मध्ये चुलालाँगकॉर्न (म्हणजे 'चूडालंकरण') विद्यापीठाने पावसाचे पाणी साठवणारे उतरते उद्यान उभारले. बुजवलेल्या पाण्याला पुन्हा जागा देण्याचाच तो प्रयत्न. सेन सेप कालव्यात अजून प्रवासी होड्या धावतात; एकदा तरी त्यांतून जावे.

आता थोडे व्यवहाराचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखाचा. घड्याळ दीड तास पुढे करावे. वाहनांच्या कोंडीत अडकण्यापेक्षा १९९९ मध्ये सुरू झालेली उन्नत रेल्वे आणि नदीवरील होड्या बऱ्या. मंदिरांत खांदे व गुडघे झाकलेले असावेत, पादत्राणे बाहेर काढावीत, मूर्तीकडे पाय करून बसू नये, कोणाच्या मस्तकाला हात लावू नये. राजघराण्याविषयी थट्टेनेही वावगे बोलू नये; तेथील कायदा कडक आहे. शाकाहारी मंडळींनी सावध असावे, कारण माशांचे पाणी बहुतेक रश्शांत असते. 'जे' हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पताकेवर तो लाल अक्षरांत दिसला की त्या दुकानात मांस, मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. शाकाहारासाठी तेथे दुसरा एक शब्द आहे, 'मंग्सविरत', म्हणजे आपली 'मांसविरती'.

कोणी भेटले की हात जोडून 'सवादी' म्हणावे. हा शब्द 'स्वस्ति'वरून आला आहे. बाजार तर होईलच. पण त्याआधी एक सकाळ त्या तांबड्या झोपाळ्याखाली अवश्य काढावी, आणि मुले बरोबर असतील तर शहराच्या त्या लांबलचक नावातले किती शब्द त्यांना ओळखता येतात, ते पाहावे.