कोपराची आतली बाजू

माई,

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरचे कोपर बिघडते ते आतल्या बाजूने. २००४ साली तेंडुलकरचे दुखले ते बाहेरच्या बाजूने. त्याला टेनिस एल्बो म्हणतात, आणि फोनवर तू तेच नाव चिरंजीवांच्या दुखण्याला बिनदिक्कत चिकटवलेस. बाहेर मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची मुळे असतात. आत एक लिगामेंट, मनगट वाकवणारे स्नायू आणि शेजारून जाणारी अल्नर नर्व्ह. करंगळी बधिर होते हे तू हवापाण्याच्या गप्पांत सांगून मोकळी झालीस. अख्ख्या फोनमध्ये कामाची गोष्ट तेवढीच होती.

फेकीच्या ओघात एक क्षण असा येतो की दंड पुढे निघालेला असतो आणि हातातला चेंडू अजून मागेच असतो. त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडू पाहते. दंडाच्या हाडाचा आतला उंचवटा आणि त्याखालचे अल्ना हाड यांना बांधणारे अल्नर कोलॅटरल लिगामेंट ते उघडू देत नाही. व्यावसायिक पिचरच्या कोपरावर या वेळी सुमारे ६४ न्यूटन-मीटर ताण मोजला गेला आहे. मृतदेहांवरील प्रयोगांत हेच लिगामेंट साधारण त्याच्या निम्म्यातच तुटते. उरलेला भार मनगट आणि बोटे वाकवणारे स्नायू उचलतात. ते दमले की सगळे लिगामेंटवर येते. क्रिकेटच्या गोलंदाजाला चेंडू टाकताना वाकलेले कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करण्याची मुभाच नसते, त्यामुळे तो यातून बराचसा सुटतो. तेव्हा आपल्या अण्णांनी जन्मभर मॅटिंगवर मीडियम पेस टाकली हा तुझा दाखला इथे चालायचा नाही.

चिरंजीवांच्या वयात, बाराव्या वर्षी, लिगामेंटहूनही कच्ची जागा दुसरीच असते. आतला उंचवटा तेव्हा हाडाशी पुरता जुळलेला नसतो. मध्ये वाढीच्या कूर्चेचा थर असतो. मोठ्या माणसात लिगामेंट फाटते, मुलात हा थर उसवू लागतो. १९६० पासून याला लिटल लीग एल्बो म्हणतात. उसवल्याचा फरक डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून दोन्ही कोपरांचे एक्स-रे शेजारी ठेवून पाहावे लागतात. एकाच हाताचा एक्स-रे काढून ‘नॉर्मल’ म्हणणाऱ्यावर विसंबू नये.

अल्नर नर्व्ह त्याच उंचवट्याच्या मागच्या खाचेतून खाली उतरते. टेबलाच्या कडेवर कोपर आपटले की करंगळीपर्यंत झणका जातो, तो हिचाच. कोपर वाकले की तिची वाट आवळते आणि ती ताणली जाते; लिगामेंट सैल असेल तर प्रत्येक फेकीला आणखी ओढ बसते. काहींच्या हातात ती उंचवट्यावरून घसरून पुढे येते आणि मागे जाते, त्यातही घासते. सुरुवातीला मुंग्या फक्त शेवटच्या इनिंग्जमध्ये येतात आणि घरी पोहोचेपर्यंत जातात, म्हणून मुले बोलत नाहीत. बधिरपणा करंगळीत आणि अनामिकेच्या करंगळीकडच्या अर्ध्या भागात असतो. अंगठा किंवा तर्जनी बधिर असेल तर कारण दुसरीकडे शोधावे.

पुढची पायरी पंजातल्या बारीक स्नायूंची. बोटे फाकवणे आणि जुळवणे त्यांच्याकडे असते, चेंडूवरची पकडही बरीचशी त्यांचीच. नेम चुकू लागतो आणि घरचे म्हणतात, अलीकडे लक्ष नसते. तपासणी स्वयंपाकघरातसुद्धा होते: अंगठा आणि तर्जनीची कड यांत कागद धरायला सांगून तो ओढायचा. अंगठ्याचे टोकाचे पेर वाकवून कागद धरून ठेवला तर अंगठा तर्जनीकडे ओढणारा स्नायू दुबळा झाला आहे. नर्व्हची विद्युत तपासणी मात्र सुरुवातीला बहुधा चांगली येते, कारण आवळण फेकतानाच होते आणि तपासणी टेबलावर आडवे पडून. दुखावलेला तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. कोपरापासून पंजापर्यंतचे अंतर मोजून बघ, म्हणजे ‘सीझन संपला की दाखवू’ याचा अर्थ कळेल.

आता जावईबापूंनी सुचवलेले ऑपरेशन. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याच्या डाव्या कोपरात त्याच्याच उजव्या हाताचा टेंडन लिगामेंट म्हणून बसवला. यशाची आशा त्यांनी शंभरात एक धरली होती. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला आणि कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ त्यानंतर मिळवले. एवढे सर्वांना पाठ असते. ऑपरेशननंतर त्याची अल्नर नर्व्ह निकामी होऊन बोटे नखीसारखी वळली आणि डिसेंबरात नर्व्हसाठी पुन्हा ऑपरेशन करावे लागले, हे कोणी सांगत नाही. पुढे शल्यविशारदांनी स्नायू न कापता त्यांच्या तंतूंमधून वाट काढली आणि गरज नसेल तर नर्व्हला हात लावणे सोडले, तेव्हा हा धोका कमी झाला. तरीही मैदानावर परतायला वर्षभर किंवा जास्त लागते आणि सगळे परतत नाहीत. २०१२ च्या एका अमेरिकन पाहणीत शाळकरी खेळाडूंपैकी ५१ टक्के आणि पालकांपैकी ३७ टक्के लोकांना वाटत होते की इजा नसतानाही खेळ सुधारायला हे ऑपरेशन करावे. त्या ३७ टक्क्यांत एकाची भर पडलेली दिसते.

हाताला लागते ती सुट्टी, आणि नेमकी तीच कोणी देत नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसात ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, ६६ किंवा जास्त टाकल्यास चार दिवस विश्रांती, वर्षातून किमान चार महिने पिचिंग बंद, असे अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचेच मार्गदर्शन आहे. दोन संघांतून खेळणाऱ्या मुलाचे चेंडू दोन वह्यांत मोजले जातात. हात एकच असतो, बेरीज आईने करायची. वर्षात आठ महिन्यांपेक्षा जास्त पिचिंग करणाऱ्यांत ऑपरेशनपर्यंत गेलेल्या इजेची शक्यता पाचपट आढळली, दमलेल्या हाताने नेहमी टाकणाऱ्यांत ३६ पट. हा आकडा वाचल्यापासून झोप धड लागत नाही, आणि तुमच्याकडे हिवाळ्यातसुद्धा इनडोअर सराव चालू!

उपचारांचा क्रम ठरलेला आहे. आधी फेकणे पूर्ण बंद. रात्री कोपर सरळ राहील असा स्प्लिंट, कारण पोर उशीखाली हात मुडपून झोपते. मग दंड, खांदा आणि पाठीचे व्यायाम. मुंग्या गेल्या, ताकद आली, की थोड्या अंतरावरून हळूहळू फेक. महिनोन्‌महिने थांबूनही नर्व्ह कुरकुरत राहिली तरच तिला खाचेतून काढून पुढे आणण्याचा विचार. शनिवारची मॅच या क्रमात कुठेच बसत नाही. कोचशी बोलायला जमत नसेल तर त्याचा नंबर पाठव.

तुझा,
नानामामा