किनवटचा कातळ

किनवटच्या सागवनात शिरताना मन कसे प्रसन्न होते! यंदा मात्र ताईने बोअरसाठी पाटल्या मोडल्या होत्या, म्हणून जीव टांगणीला. पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आता काळा कातळ. यंत्राचा हातोडा त्यावर धडधडू लागला. दगड नुसत्या दाबाने फुटतो, अशी आम्हा पुस्तकी माणसांची समजूत. मिस्त्री म्हणाला, "सर, दाबाला हा खंबीर, ताणाला कच्चा." दात्याखाली भुकटी होते, भोवती तडे जातात आणि भार सुटताच कपच्या निघतात. पाणी मात्र लाव्हा निवताना पडलेल्या जुन्या भेगांत.

दोनशे फुटांपर्यंत कोरडी राखाडी धूळच उडत होती. मग ती ओलसर झाली. ताईने चिखल मुठीत दाबून पाहिला. "अजून वीस फूट जाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली.