ताईंची वही

सर्व्हरच्या कामातलं मला जे काही नीट येतं, त्यातलं बरंचसं एका बाईंनी शिकवलेलं आहे. लालबागच्या चाळीत वाढलेल्या, गिरणी कामगाराची मुलगी, आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या ताई. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही म्हणून लिहीत नाही. ऋण मात्र लिहायलाच हवं.

आमचं निदान केंद्र हिंदमाताच्या कापडबाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. केईएमला आणि टाटाला आलेले पेशंट, त्यातले कितीतरी गावाहून मुक्कामाला आलेले, आमच्याकडे रिपोर्टसाठी यायचे. ते रिपोर्ट ज्या यंत्रणेतून निघायचे ती सगळी मोजक्याच सर्व्हरांवरच्या व्हर्च्युअल मशिनींत होती. एकाच लोखंडी पेटीत दहा-बारा सर्व्हर राहतात, हे मला तेव्हा भारी वाटायचं. ताईंना त्यातली जोखीम आधी दिसायची.

सर्टिफिकेट म्हणजे काय, हे त्यांनी मला वडिलांच्या गिरणीच्या पासावरून समजावलं. पासावर नाव, मुदत आणि देणाऱ्याचा शिक्का. फाटकावरचा पहारेकरी ओळखीचा असला तरी पास बघणार, आणि शिक्का कुणाचा तेही बघणार. सर्व्हरच्या सर्टिफिकेटातही नाव असतं, सार्वजनिक किल्ली असते, कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या दोन तारखा असतात आणि देणाऱ्या अथॉरिटीची डिजिटल सही असते. "आता आपला घोळ बघ," त्या म्हणाल्या, "इथे पास देणारं ऑफिससुद्धा त्याच गिरणीच्या आत आहे." व्हीएमवेअरच्या २०१५ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीपासून, सगळ्या मशिनी सांभाळणाऱ्या व्हीसेंटरच्या पोटातच सर्टिफिकेट देणारी अथॉरिटी असते. होस्टना, म्हणजे त्या लोखंडी पेट्यांना, सर्टिफिकेट देतं व्हीसेंटर, आणि आमच्याकडे ते स्वतः त्याच होस्टवर चालणारं व्हर्च्युअल मशीन. लॉगिन तपासणारा डोमेन कंट्रोलर आणि नावं शोधून देणारा डीएनएस, दोन्ही तिथेच. सगळं चालू असतं तोवर ही गाठ कुणाला दिसत नाही.

ती दिसली २९ ऑगस्ट २०१७ ला. त्या दिवशी मुंबईत तीनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. हिंदमाता म्हणजे मुळातच बशी. भोवतालचं पाणी उतरून इथे येतं, आणि भरती असली की ते समुद्रात लवकर जात नाही. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत पाणी शिरलं, वीज बंद करावी लागली, यूपीएस संपला आणि वरच्या मजल्यावरचे सर्व्हर एकेक करून बसले. ताई परळहून कमरेएवढ्या पाण्यातून, दोर धरून उभ्या असलेल्या पोरांच्या मदतीने आल्या. त्याच संध्याकाळी जवळच एल्फिन्स्टनच्या बाजूला डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हापासून ताईंचं त्या पाण्यातून येणं आठवलं की माझ्या पोटात गोळा येतो.

रात्री उशिरा वीज आली. सर्व्हर सुरू झाले, पण लॉगिन कुठेच होईना. एका होस्टच्या मदरबोर्डवरची बॅटरी मेलेली होती, त्यामुळे त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. डोमेन कंट्रोलर त्याच होस्टवर उठला आणि त्याने ती वेळ उचलली. लॉगिन तपासणाऱ्या कर्बेरॉसला साधारणपणे पाच मिनिटांपलीकडचा फरक चालत नाही. त्या घड्याळाच्या हिशेबी तर सर्टिफिकेटांची मुदत अजून सुरूच झाली नव्हती. योग्य वेळ बाहेरून आणावी तर डीएनएस बंद, आणि व्हीसेंटर दार उघडेना.

ताईंनी हिशेबनिसाच्या तिजोरीतून सीलबंद लखोटा काढवला. त्यात प्रत्येक होस्टचा स्थानिक रूट पासवर्ड होता, कुठल्याही डोमेनवर अवलंबून नसलेला. आम्ही थेट होस्टच्या पत्त्यावर गेलो. ब्राउझरने नेहमीचा इशारा दिला की हे सर्टिफिकेट विश्वासार्ह नाही. माझं बोट 'पुढे जा'वर होतं.

"थांब. वही आण."

वहीत प्रत्येक होस्टच्या सर्टिफिकेटचा थंबप्रिंट, म्हणजे त्याची ओळख पटवणारी अक्षर-आकड्यांची ओळ, चिकटवलेला होता. त्यांनी तो स्क्रीनवरच्या आकड्यांशी जोडीजोडीने ताडून पाहिला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी म्हटलं, "ताई, खाली लोक रिपोर्टसाठी थांबलेत." त्या म्हणाल्या, "म्हणूनच. घाईतच माणूस फसतो." त्या जागी दुसरंच कुणी बसलेलं असतं तर रूट पासवर्ड त्याच्या हातात गेला असता, आणि होस्टसोबत त्यावरची प्रत्येक मशीन. सगळं जुळल्यावरच त्यांनी पासवर्ड टाकला. मग आधी घड्याळ, मग डोमेन कंट्रोलर, मग व्हीसेंटर, मग बाकीचे. हा क्रमही वहीत होता. सकाळी रिपोर्ट निघाले.

आमच्या धंद्यात माहिती मुठीत धरून स्वतःला अपरिहार्य करणारे पुष्कळ भेटतात. ताईंनी मात्र मिळवलेलं सगळं कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात लिहून ठेवलं. निवृत्त होताना वही माझ्याकडे आली. सर्टिफिकेटांच्या पानांवर रकाने साधे होते: कुणी दिलं, कुठे वापरलंय, कधी संपतं, बदलणार कोण. 'कुठे वापरलंय' या रकान्याने मला २०२० मध्ये वाचवलं. ६.५ आवृत्तीच्या एका अपडेटनंतर बसवलेल्या व्हीसेंटरांत, टोकनवर सही करणाऱ्या सेवेचं सर्टिफिकेट फक्त दोन वर्षांचं असू शकत होतं. ब्राउझरमध्ये ते दिसत नाही. संपलं की लॉगिन बंद. वहीत त्याची वेगळी ओळ होती, शेजारी तारीख. लॉकडाऊनमध्ये घरी बसून, मुदत संपायच्या आत, आधी स्नॅपशॉट घेऊन मी ते बदललं.

आता वही पुरणार नाही. सार्वजनिक वेबसाइटच्या सर्टिफिकेटांची कमाल मुदत २०२० मध्ये ३९८ दिवसांवर आली, आणि १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांची होणार आहे. हाताने नूतनीकरण करणं शक्य नाही, यंत्रानेच करायला हवं, आणि ते चांगलंच आहे. पण अंतर्गत अथॉरिटीची मूळ किल्ली कुठे आहे, यंत्र बंद पडलं तर पहिलं दार कशाने उघडायचं, हे माणसानेच ठरवावं लागतं. म्हणून माझ्या हाताखाली नवीन मूल आलं की पहिल्याच आठवड्यात मी त्याच्याकडून लखोटा उघडवतो, थंबप्रिंट ताडून एका होस्टवर लॉगिन करवतो, पासवर्ड बदलवतो आणि नवा लखोटा त्याच्याच सहीने बंद करवतो. 'पुढे जा' दाबायला निघालेल्या प्रत्येकाला मी थांबवतो, आणि ताई कोण होत्या तेही तेव्हाच सांगतो.