सतरंजीवरचा व्यायाम

१२ जून, सातारा
मिक्सरचं भांडं उचलायला वाकले आणि कंबरेत उसण भरली. नवीन काही नाही. बारा आठवड्यांहून जास्त टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. माझं दुखणं तर घरच्यांच्याही अंगवळणी पडलंय. एमआरआयच्या कागदावर ‘डिस्क बल्ज’ वाचल्यापासून वाकायचीच धास्ती बसली आहे. फिजिओथेरपीच्या मॅडमनी कागद बाजूला ठेवला. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांतही सुमारे ३० टक्के जणांत असा फुगवटा सापडतो, ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांत. पायात बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, असलं काही आहे का, हे मात्र खोदून खोदून विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “पिलाटेस सुरू करू.”

१५ जून
पिलाटेस म्हणजे स्प्रिंगांची यंत्रं असतील असं वाटलं होतं. होती नुसती सतरंजी. उताणं पडायचं, गुडघे दुमडलेले, तळवे जमिनीला. कंबरेच्या पुढच्या हाडांच्या जरा आत बोटं ठेवून हळूच खोकायला लावलं. बोटांखाली जो घट्ट झाला तो पोटाचा सगळ्यात आतला स्नायू. आता न खोकता तो किंचित आवळायचा आणि श्वास चालू ठेवायचा. एवढंच. पण स्नायू आवळला की श्वास बंद, श्वास घेतला की स्नायू सैल! मग टाच सरकवत एक पाय लांब करायचा, कंबर तसूभरही न हलवता. दिसायला काहीच नाही आणि मी घामाघूम.

२२ जून, सांगली
आईकडे आले. येताना पेठनाक्यापर्यंत बसूनच कंबर धरली होती. आईचं ठरलेलं, “नमस्कार घाल की त्यापेक्षा!” तिचे वडील कुंडलच्या शाळेतले. कुंडल तेव्हा औंध संस्थानात, आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केलेले. राजेसाहेब आधी शरीरसौष्ठवपटू सँडोच्या पद्धतीने व्यायाम करत, पुढे नमस्कारांकडे वळले. १९३८ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक थेट लंडनहून निघालं. माझा सतरंजीवरचा व्यायाम ज्याच्या नावाचा, तो जोसेफ पिलाटेस त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला छावणीत डांबलं. १९२६ साली तो न्यूयॉर्कला गेला. एकाकडे संस्थान, दुसऱ्याच्या नशिबी कैद, वेड एकच.
मला मात्र तूर्त पुढे वाकलं की कळ येते. मॅडमना फोन केला. “नमस्कार पुढे घालाल, आत्ता नको.”

६ जुलै, सातारा
दुखणं गेलेलं नाही. खुर्चीतून उठताना टेबल धरावं लागत नाही, हे मात्र खरं. कंबरदुखीवरच्या पिलाटेसच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष असा, की जवळपास काहीच उपचार न करण्यापेक्षा पिलाटेस बरं, पण इतर व्यायामांहून सरस असल्याचा ठोस पुरावा नाही. महागडा क्लास लावलेली मैत्रीण हे ऐकून खट्टू झाली. मला उलट हायसं वाटलं. म्हणजे यंत्रासाठी पुणं गाठायला नको, आणि हे सुटलं तरी चालणं आहेच.

१९ जुलै, सांगली
आईनेही सतरंजी अंथरली. टाच सरकवली, कंबर जागची हलली नाही. पण चेहरा लाल! “आई, श्वास घे.”
“घेतेय की.”
घेत नव्हती. मग विचारते, “एवढ्याशाला फी कशाला द्यायची गं?”
म्हटलं, “हेच सांगायला.”