मामूंचं मासे शोधायचं मशीन

"घरात ठेवलं तर मासे दाखवतं, खाडीत सोडलं तर एकही नाही. तू येऊन बघ." एवढं बोलून मामूंनी फोन ठेवला. मी 'येतो' म्हणेपर्यंतही ते थांबले नाहीत. हल्ली त्यांची तशी सवयच झाली आहे. आपलं सांगायचं आणि ठेवून द्यायचं.

मामू रत्नागिरीच्या राजिवड्यात राहतात, भाट्याच्या खाडीला लागून. छोटी होडी, मागे इंजिन, थोडं जाळं, थोडं गरवणं. त्यांचा मुलगा कुवेतला असतो. त्याने सुट्टीवर येताना हे मशीन आणलं होतं. तळहातात मावेल एवढा डबा, त्यावर छोटा पडदा, सात-आठ मीटर वायर आणि वायरच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा लिंबाएवढा गोळा. तो परत गेला आणि माहितीपुस्तक इंग्रजीत असल्यामुळे जबाबदारी माझ्यावर आली. मी उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. पण खानदानात बी.एड. झालेला माणूस म्हटला की त्याला टीव्हीपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळं कळतं, असा लोकांचा समज असतो.

घरात मासे का दिसतात, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. मशीन नमुन्याच्या सेटिंगवर होतं. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी पडद्यावर खोटे मासे फिरवण्याची ती सोय असते. ती बंद केली तसे मासे गेले. मामी म्हणाल्या, "बरं झालं, नाहीतर आम्ही रस्सा चढवणार होतो."

मग खरी तपासणी. सेल काढले तर आतल्या पत्र्याच्या पट्ट्यांवर खाऱ्या हवेचा पांढरा थर. तो घासून काढला, नवे सेल घातले. सेल उतरले की पडदा उजळतो, पण गोळ्याच्या आवाजातली ताकद कमी होते. कारण हे मशीन मासा 'बघत' नाही. गोळा पाण्यात आवाज सोडतो, आपल्या कानाला ऐकू न येणारा. तो तळावर, माशावर आपटून परत येतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो. दहा वाव खोल पाणी असेल, तर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा चाळिसावा भागही पुरतो. जायला-यायला किती वेळ लागला, यावरून मशीन खोली मोजतं. प्रतिध्वनीला उर्दूत बाजगश्त म्हणतात. शब्दाचा अर्थच परत फिरणं. मशीनचं सगळं काम या परत फिरण्यावर.

आता करून बघायचं कुठे? भरती यायला वेळ होता. माझ्या डोक्यात आलं, मशिदीचा हौद. त्यात मासे सोडलेले आहेत, वजू करताना पायाजवळ येतात. जोहरची नमाज झाल्यावर मुअज्जिनसाहेबांची परवानगी घेतली, गोळा धुऊन पाण्यात सोडला. खाली मासे फिरताना आम्हाला दिसत होते. पडद्यावर नुसत्या तीन आडव्या रेघा.

"बघ," मामू म्हणाले. "डोळ्यासमोर आहेत आणि हा नाही म्हणतो."

मीही हरलो होतो. घरी येऊन पुस्तक पुन्हा वाचलं तेव्हा उलगडलं. गोळा आवाज सोडतो, तेव्हा क्षणभर स्वतःच थरथरत असतो. त्या क्षणात परत आलेलं काही त्याला ऐकू येत नाही. म्हणून पहिले दोन-अडीच फूट त्याच्यासाठी आंधळेच. हौद मांडीभर. बोलणारा माणूस बोलता बोलता ऐकू शकत नाही, तसं ते.

असर झाल्यावर भरतीच्या पाण्यात होडी काढली. इथे आणखी दोन चुका सापडल्या. मामू गोळा इंजिनाच्या बाजूला बांधत होते. पंख्याच्या फेसातून आवाज खाली जातच नाही, कारण हवेचे बुडबुडे त्याला वरच्या वर परतवतात. मी इंजिन बंद करायला लावलं आणि गोळा नाळेच्या बाजूला सोडला. दुसरं, संवेदनशीलता अगदी कमी ठेवलेली होती. ती पायरी पायरीने वाढवली. एका ठिकाणी पडदा कचऱ्याने भरला, तिथून एक पायरी खाली आणली. खाडीचा तळ स्वच्छ उमटला, अकरा फूट. मामूंनी बांबू टाकून मोजलं आणि मान हलवली.

तळ मिळाला, पण मासा नाही. मशीन बरोबर आहे की खाडीच रिकामी आहे, हे कसं ठरवायचं? पाण्याची रिकामी बाटली होती. बूच घट्ट लावून तिला दगड बांधला आणि गोळ्याखाली सात-आठ फुटांवर दोरीने सोडली. पडद्यावर लगेच माशाचं चित्र उमटलं.

मामू हसले. "बाटलीला मासा म्हणतो!"

पण त्यात खोट नव्हती. माशावरून परत येणारा आवाज बहुतेक त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. कोळी तिला भोत म्हणतात. घोळ माशाचं भोत मासळीपेक्षा महाग विकलं जातं, ते हेच. मुशी, वागळी, लेपा, बोंबील यांना ही पिशवी नसते. कोळंबीलाही नाही. त्यांच्यावरून येणारं उत्तर अगदी क्षीण. मी हे सांगितलं तेव्हा मामू पहिल्यांदाच मशीनकडे आदराने बघू लागले. "म्हणजे ह्याला भोत कळतं," ते म्हणाले. "मलाही भोतच कळायचं."

ते खरं होतं. मी लहान असताना मामू वल्ह्याचं पातं पाण्यात धरून दांडा कानाला लावायचे. घोळ, ढोमा भोतावर स्नायू आपटून आवाज काढतात, तो लाकडातून वर येतो. त्यावरून ते जाळं टाकायचे. जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ साली मासे शोधायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या कितीतरी आधीपासून समुद्रावरची माणसं कानाने हेच काम करत आली आहेत.

तेवढ्यात बाटली झोक्याने पुन्हा गोळ्याखाली आली आणि मशीन वाजलं. टीं टीं टीं. मासा सापडल्याची घंटी.

"वाजलं, मामू!"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय वाजलं?"

मी मशीन त्यांच्या हातात दिलं, बाटली पुन्हा खाली आणली. पुन्हा टीं टीं टीं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

मुलाने त्यांना सांगून ठेवलं होतं, 'अब्बा, उन्हात पडदा दिसणार नाही, पण मासा आला की वाजेल.' म्हणून ते पडद्याकडे बघतच नव्हते, वाजण्याची वाट बघत होते. बाकीच्या चुका होत्याच, पण त्यातूनही मशीन कधी ना कधी वाजलं असणार. चाळीस वर्षं इंजिनाशेजारी बसलेल्या आणि सत्तरीला आलेल्या कानातून बारीक, उंच आवाज सगळ्यात आधी जातात.

"किती दिवस झाले?" मी मोठ्याने विचारलं.

बराच वेळ ते दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "दोन हंगाम. वल्ह्यातून काही येत नाही. आधी वाटलं, मासाच गेला." थोड्या वेळाने म्हणाले, "मागच्या महिन्यात मगरिबच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी मागून लाँच आली. भोंगा वाजवत होती म्हणे. मला लाटेने कळलं."

"घरी सांगितलं नाही?"

"सांगितलं तर होडी विकायला लावाल."

मला काही बोलता आलं नाही. फोन मध्येच ठेवून देणं मी त्यांचा तुसडेपणा समजत होतो. वर्गातही प्रश्नाला उत्तर न देणाऱ्या मुलाला मी आधी ओरडतो, तो मागच्या बाकावर बसलाय हे नंतर बघतो.

परतताना त्यांनी इंजिन बंदच ठेवलं. वल्हं उलटं करून दांडा माझ्याकडे दिला. "तू लाव कानाला."

मी लावला. खाली काहीतरी तडतडत होतं, कढईत मोहरी टाकल्यासारखं. मासा की कोळंबी, मला काय कळणार! मामू माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"आहे काही?"

"आहे," मी ओरडलो.

बुधवारची अर्धी रजा टाकली आहे. कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. होडी विकायची गोष्ट काढायची नाही, या अटीवर मामू तयार झालेत. मात्र कानाचा निकाल लागेपर्यंत एकट्याने खाडीच्या तोंडापलीकडे जायचं नाही, ही माझी अट. मशीनची घंटी त्यांनी बंद करायला लावली. "मला ऐकू येत नाही, तर ते वाजवून सेल कशाला खर्च करायचे?" ते म्हणाले. पडद्यावर सावली पडावी म्हणून मामींनी पुठ्ठ्याची टोपी करून दिली आहे.