एडिसनची एक प्राथमिक शाळा

अमेरिकेच्या न्यू जर्सी संस्थानांतील एडिसन हें गांव आपल्या लोकांस आतां परकें राहिलेलें नाहीं. १८७६ सालीं थॉमस एडिसननें ज्या मेन्लो पार्कांत आपली प्रयोगशाळा उभारली, तें याच गांवांत येतें. १९५४ सालीं तर गांवानेंच त्याचें नांव धारण केलें. ओक ट्री रोडवर साड्यांचीं आणि मिठाईचीं दुकानें पाहून क्षणभर आपण स्वदेशींच आहों असें वाटतें. परंतु मला सांगावयाचें आहे तें येथील एका प्राथमिक शाळेविषयीं.

गेल्या वर्षीं मी मुलाकडे गेलों असतां एके सकाळीं सूनबाई म्हणाली, "बाबा, आज वर्गांत मदत करण्याची माझी पाळी आहे. आपल्याकरितां परवानगी काढली आहे, येतां का?"

शाळेचें दार बंद होतें. घंटी दाबून नांव सांगितलें, ओळखपत्र दाखविलें, तेव्हां छातीवर लावावयाची एक चिठ्ठी मिळाली व आंत प्रवेश झाला. नातवाच्या दुसरीच्या वर्गांत कोणी पालक एका कोपऱ्यांत रंगीत कागद कातरीत होते. सूनबाई चार मुलें घेऊन एका लहानशा मेजाशीं बसली. प्रत्येकानें एकेक पान मोठ्यानें वाचावयाचें. एक मुलगा एका शब्दापाशीं अडला. मी अधीर झालों. ती मात्र स्वस्थ होती. बऱ्याच वेळानें त्यानें तो शब्द स्वतःच उच्चारला, आणि त्याचा चेहरा उजळला.

शिकविणें हें शिक्षिकेचेंच काम. पालकांनीं तिला फक्त हातभार लावावयाचा. मुलांना रागवावयाचें नाहीं, आणि कोणाचें काय चुकलें तें बाहेर बोलावयाचें नाहीं. ही प्रथा एका दिवसांत रुजली नाहीं. १८९७ सालीं ॲलिस बर्नी व फीबी हर्स्ट या दोन स्त्रियांच्या पुढाकारानें वॉशिंग्टन येथें मातांची राष्ट्रीय परिषद भरली. तींतूनच पुढें पालक-शिक्षक संघ उदयास आला.

परततांना मी म्हणालों, "आपल्या मुलाजवळ तूं बसलीच नाहींस!"

ती म्हणाली, "मला कचेरींतून रजा मिळते. जे तासाच्या मजुरीवर राबतात, त्यांची एक सकाळ गेली कीं तितकें वेतन बुडतें. त्यांच्या मुलांजवळ कोणी बसावें?"

हें ऐकून मी अंतर्मुख झालों. मूल मास्तरांच्या स्वाधीन केलें कीं बापाचें कर्तव्य संपलें, अशी माझी आयुष्यभर समजूत होती. फी भरण्यापलीकडे मी मुलाच्या शाळेची पायरी चढलों नव्हतों. रात्रीं जेवतांना त्याला सहज विचारलें, "मी तुझ्या शाळेंत यावें असें तुला कधीं वाटे का रे?" तो हंसून म्हणाला, "स्नेहसंमेलनांतलीं माझीं सगळीं भाषणें मी दाराकडे पाहूनच केलीं, बाबा." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता; म्हणूनच तें अधिक लागलें.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिति नेमावयास सांगितलें आहे. तींत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. परंतु समितींत बसणें निराळें आणि मुलाशेजारीं बसणें निराळें. शिवाय ज्यांच्या आईबापांस दिवसभराच्या कष्टांतून सवड नाहीं, अशीं मुलें आपल्याही गांवांत आहेत. आणि दुपार कशी घालवावी या विवंचनेंत असलेले आजी-आजोबाही घरोघर आहेत.

परत आल्यावर मी भीतभीतच जवळच्या महापालिकेच्या शाळेंत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना भेटलों. आतां दर गुरुवारीं चार मुलें माझ्यापुढें वाचतात. त्यांतील एक मुलगी जोडाक्षरापाशीं हटकून अडते. शब्द माझ्या अगदीं ओठांवर येतो. पण मी थांबतों. या वयांत तेवढें शिकलों तरी पुष्कळ झालें.