सोडून दिलेली बरोबरी

नोव्हेंबर २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे संगणकांची जागतिक बुद्धिबळ स्पर्धा भरली होती. विचार यंत्रांचा, समोर बसलेली माणसे केवळ सोंगट्या हलविणारी. बलाढ्य ‘श्रेडर’ हा ‘जॉनी’ या हौशी प्रोग्रामविरुद्ध जिंकत आला होता. तेवढ्यात श्रेडरमधील एका दोषामुळे तीच स्थिती पटावर तिसऱ्यांदा आली. अशा वेळी बरोबरी मिळते. मात्र ती मागावी लागते. जॉनीच्या पडद्यावर तशी सूचनाही उमटली. तरी त्याच्या कर्त्याने ती मागितली नाही. दुसऱ्याच्या यंत्रातील दोषावर अर्धा गुण घेणे त्याला रुचेना. खेळ पुढे चालला आणि जॉनी हरला.

केवढे हे औदार्य! पण या वहीत खाती दोनच नव्हती. तिसरे ‘फ्रिट्झ’चे होते. स्पर्धेअखेर श्रेडर आणि फ्रिट्झ साडेनऊ गुणांवर बरोबरीत राहिले व निर्णायक लढतीत श्रेडर विजेता ठरला. ती बरोबरी नोंदली गेली असती, तर फ्रिट्झ एकटाच पुढे असता. वाद पेटला, पंचांनी निकाल कायम ठेवला.

अदत्तादानाचा दोष येथे कोणाला लावावा? कोणी काही घेतलेच नाही. भागीदारीच्या पेढीतील येणे एकाने परस्पर माफ करावे आणि गावी गेलेल्या भागीदाराच्या हिश्श्यातून ते वजा व्हावे, तसे हे झाले. जॉनीच्या कर्त्याला त्यात पैचाही लाभ नव्हता. म्हणून त्याला बोल लावताना जीभ अडखळते. पण सोडलेला तो अर्धा गुण त्याचा तरी कोठे होता? खेळत होते ते यंत्र.